जुना पिचर विकावा का? डेट्रॉइटच्या दोन सौद्यांतून दुकानदाराचा धडा

व्हिडिओत बेसबॉलचं जे उदाहरण घेतलं, त्याचे आकडे आणि हिशोब इथे सविस्तर देतोय. व्हिडिओ बघितला नसेल तरी काही अडणार नाही. फक्त वही-पेन जवळ ठेवा, शेवटी गृहपाठ आहे.

प्रश्न साधा आहे. टीमचा सगळ्यात नावाजलेला खेळाडू, पण वय होत चाललंय. त्याला आज दुसऱ्या टीमला द्यायचं की जवळ ठेवायचं? आपल्या धंद्यात हाच प्रश्न जुन्या मशीनबद्दल, जुन्या टेम्पोबद्दल, एके काळी धो-धो चाललेल्या मालाबद्दल येतो. "अजून चालतंय की, कशाला विकायचं?" असं म्हणत आपण तो पुढे ढकलतो.

आधी खेळ समजून घेऊ

पिचर म्हणजे बेसबॉलचा बॉलर. अमेरिकेच्या मेजर लीगमध्ये एका टीमच्या सीझनला १६२ मॅच असतात. मॅचची सुरुवात करणारा पिचर साधारण दर पाचव्या दिवशी उतरतो, कारण खांद्यावर आणि कोपरावर जबरदस्त ताण येतो. वय वाढलं की तिथेच दुखणं सुरू होतं.

टीम एकमेकींशी खेळाडूंची अदलाबदल करतात, त्याला ट्रेड म्हणतात. आपल्याकडे २०२३ च्या शेवटी हार्दिक पंड्या गुजरात टायटन्सकडून परत मुंबई इंडियन्सकडे आला, तोही ट्रेडच. अमेरिकेत बऱ्याचदा असा सौदा होतो: हरणारी टीम तयार, महागडा खेळाडू देते आणि बदल्यात जिंकणाऱ्या टीमची ज्युनियर पोरं घेते. एकाला आजचा माल हवा असतो, दुसऱ्याला उद्याचा.

सौदा पहिला: १९८७, डेट्रॉइट घेणारा

१९८७ मध्ये डेट्रॉइट टायगर्स टीमचे मालक होते टॉम मोनाहन. होय, डॉमिनोज पिझ्झाचे संस्थापक. टीम त्या वर्षी जिंकण्याच्या शर्यतीत होती, पण एक भरवशाचा पिचर कमी पडत होता. ऑगस्टमध्ये त्यांनी अटलांटा ब्रेव्ह्जकडून ३६ वर्षांचा डॉयल अलेक्झांडर घेतला आणि बदल्यात २० वर्षांचा जॉन स्मोल्ट्झ दिला. स्मोल्ट्झ तेव्हा ज्युनियर टीममध्ये होता आणि त्याचा रेकॉर्डही काही खास नव्हता.

पुढे काय झालं? अलेक्झांडरने त्या सीझनच्या उरलेल्या दिवसांत ९ मॅच जिंकल्या, एकही हरला नाही. टायगर्सने आपला गट जिंकला. पण पुढच्या फेरीत मिनेसोटाकडून हरले, त्यात अलेक्झांडरच्या दोन्ही मॅच गेल्या. १९८९ नंतर तो निवृत्त झाला. स्मोल्ट्झने मात्र अटलांटासाठी वीस सीझन पिचिंग केलं, १९९५ ची वर्ल्ड सिरीज जिंकणाऱ्या टीममध्ये तो होता, १९९६ मध्ये सर्वोत्तम पिचरचा साय यंग पुरस्कार मिळवला आणि २०१५ मध्ये हॉल ऑफ फेममध्ये गेला.

अटलांटा १९८७ मध्ये हरत होती. म्हातारा पिचर त्यांच्या काहीच कामाचा नव्हता. त्यांनी तो अशा गिऱ्हाईकाला दिला, ज्याला तो आज, आत्ता हवा होता.

सौदा दुसरा: २०१७, डेट्रॉइट देणारा

तीस वर्षांनी तीच टीम काउंटरच्या पलीकडच्या बाजूला उभी होती. १९९२ मध्ये टायगर्स विकत घेतली होती लिटल सीझर्स पिझ्झावाल्या माइक इलिच यांनी. फेब्रुवारी २०१७ मध्ये ते वारले. टीम हरत होती, पगाराचा बोजा मोठा होता.

त्यांचा हिरो होता जस्टिन वर्लँडर, वय ३४. २००५ पासून फक्त डेट्रॉइटकडून खेळलेला. २०११ मध्ये साय यंग आणि सर्वोत्तम खेळाडू, दोन्ही पुरस्कार एकाच वर्षी. २०१८ आणि २०१९ साठी त्याला दर वर्षी २ कोटी ८० लाख डॉलर द्यायचे बाकी होते, म्हणजे एकूण ५ कोटी ६० लाख.

आता गंमत बघा. तेव्हाच्या नियमाप्रमाणे ३१ जुलैनंतर ट्रेड करायचा तर खेळाडूचं नाव आधी 'वेव्हर'वर टाकावं लागे. म्हणजे कोणतीही टीम त्याच्यावर दावा सांगू शकत होती, फक्त पूर्ण पगाराची जबाबदारी घ्यायची तयारी हवी. वर्लँडरवर एकाही टीमने दावा सांगितला नाही. एवढं मोठं नाव, पण त्या पगाराला गिऱ्हाईक नाही!

मग ३१ ऑगस्टच्या रात्री, मुदत संपायच्या अगदी शेवटच्या मिनिटांत, ह्यूस्टन अ‍ॅस्ट्रोजशी सौदा झाला. त्या तारखेपर्यंत टीममध्ये आलेला खेळाडूच शेवटच्या फेऱ्यांत खेळू शकतो, म्हणून ह्यूस्टनला घाई होती. डेट्रॉइटने पगारातले १ कोटी ६० लाख डॉलर स्वतः भरायचं कबूल केलं आणि बदल्यात तीन तरुण घेतले: पिचर फ्रँकलिन पेरेझ, आउटफिल्डर डॅझ कॅमेरॉन आणि कॅचर जेक रॉजर्स.

वर्लँडर ह्यूस्टनला गेला आणि सीझनच्या उरलेल्या पाचही मॅच जिंकला. त्या वर्षी ह्यूस्टन वर्ल्ड सिरीज जिंकली. (त्या टीमने समोरच्यांचे इशारे चोरल्याचं पुढे चौकशीत सिद्ध झालं, पण ते प्रकरण बॅटिंगचं होतं.) २०१९ मध्ये त्याने २१ मॅच जिंकून पुन्हा साय यंग घेतला.

आणि डेट्रॉइट? पेरेझचा खांदा बिघडला, तो मेजर लीगमध्ये एकही मॅच खेळू शकला नाही. कॅमेरॉन थोडं खेळून गेला. एकटा रॉजर्स टिकला आणि टीमचा मुख्य कॅचर झाला.

मग डेट्रॉइट फसली का?

व्हिडिओनंतर बहुतेकांचं उत्तर होतं, "हो सर, फसली." मी म्हणतो, घाई करू नका.

डेट्रॉइट २०१७ मध्ये ९८ मॅच हरली, २०१८ मध्ये परत ९८ आणि २०१९ मध्ये ११४. आता समजा वर्लँडर तिथेच राहिला असता आणि २०१९ मध्ये तसाच खेळला असता. ११४ च्या जागी समजा १०० हरल्या असत्या. हाती काय आलं असतं? पगाराचं बिल. बदल्यात एकही पोरगा नाही.

हाच आजचा मुद्दा. वस्तूला स्वतःची एक ठरलेली किंमत नसते. ती कोणाच्या दुकानात उभी आहे, यावर किंमत ठरते. ह्यूस्टनला वर्लँडरमुळे विजेतेपद मिळू शकत होतं. डेट्रॉइटला त्याच वर्लँडरमुळे तळातून थोडं वर, एवढंच.

म्हणून "विकू का?" हा प्रश्न दुसऱ्या नंबरचा. पहिला प्रश्न: "माझं दुकान कोणत्या वर्षासाठी चाललंय? या वर्षीच्या गल्ल्यासाठी की तीन वर्षांनंतरच्या?" हे ठरलं की दुसऱ्याचं उत्तर आपोआप निघतं.

आपल्या दुकानात आणू

समजा, तुमच्याकडे मोठा डीप फ्रीजर आहे. आइस्क्रीम कमी करून तुम्ही किराण्यावर लक्ष द्यायचं ठरवलंय. फ्रीजर अर्धा रिकामा, वीजबिल मात्र पूर्ण. या दोन सौद्यांवरून चार गोष्टी घ्या.

१. गिऱ्हाईकाची मुदत ओळखा. ह्यूस्टनची मुदत ३१ ऑगस्ट होती. फ्रीजर घेणाऱ्याची मुदत उन्हाळा. फेब्रुवारी-मार्चमध्ये विकायला काढा. जूनमध्ये पाऊस सुरू झाल्यावर तोच फ्रीजर भंगाराच्या भावाने मागतील.

२. थोडे पैसे घालून चांगला भाव काढा. पूर्ण पगारावर वर्लँडरला कोणी विचारलं नाही. १ कोटी ६० लाख घातले तेव्हा तीन पोरं मिळाली. फ्रीजरचा गॅस भरून, सर्व्हिसिंग करून, घरपोच देतो म्हणा. खर्च तुमचा, पण भावही तुम्ही सांगाल.

३. बदल्यात काय घेताय, तिथे सगळं एकावर लावू नका. तिघांतला एकच चालला, तोही सगळ्यात मोठ्या नावाचा नव्हता. तरुण माल म्हणजे बियाणं, सगळं उगवत नाही. फ्रीजरचे पैसे आले तर सगळे एकाच नवीन मालात घालू नका.

४. विकलं म्हणजे धंदा सुधारला असं नाही. डेट्रॉइट शेवटच्या फेऱ्यांत परत पोचली ती २०२४ मध्ये. सात वर्षं! सौदा फक्त जागा मोकळी करतो. त्या जागेत काय उभं करायचं, ती मेहनत वेगळी.

एक पथ्य

माणूस म्हणजे फ्रीजर नव्हे. लीगमध्ये दहा वर्षं आणि त्यातली शेवटची पाच एकाच टीमकडे झाली की खेळाडू ट्रेडला नकार देऊ शकतो. वर्लँडरकडे तो हक्क होता, त्यामुळे सौदा त्याच्या होकारावर अडला होता. तुमच्याकडे पंधरा वर्षं असलेल्या कारागिराला असा लेखी हक्क नसेल, पण तोच मान द्या. काम बदलायचं असेल, तास कमी करायचे असतील, तर आधी त्याच्याशी बोला. बाकीचे कामगार बघत असतात की मालक जुन्या माणसाशी कसा वागतो.

गृहपाठ

दुकानातली सगळ्यात जुनी आणि सगळ्यात महाग एक वस्तू निवडा आणि वहीत लिहा:

- महिन्याला ती किती कमावते? वीज, दुरुस्ती, हप्ता, अडवलेली जागा धरून किती खाते?
- माझ्या तीन वर्षांच्या प्लॅनमध्ये ती आहे का?
- ती माझ्यापेक्षा जास्त कोणाच्या कामाची आहे? त्याला ती कोणत्या महिन्यात लागते?
- आज विकली तर किती, दोन वर्षांनी किती?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर "हो" असेल तर बिनधास्त ठेवा, उगाच विकायची फॅशन करू नका. "नाही" असेल तर तिसऱ्या प्रश्नातला महिना कॅलेंडरवर आजच गोल करून ठेवा.

भेटू पुढच्या व्हिडिओत. तोवर गल्ला मोजत राहा, आणि जागाही मोजा!