डॉक्टरांना फोन केव्हा, भेट केव्हा?



माडाच्या झावळ्या पिवळ्या पडल्या तर त्यांचा फोटो पाठवून कृषी अधिकाऱ्याचा सल्ला घेता येतो. पण सोंड्या भुंग्याची अळी खोडाच्या आत असते. ती ओळखण्यासाठी माडापाशी जाऊन खोडाची भोके पाहावी लागतात, खोडाला कान लावावा लागतो. शरीराचेही तसेच आहे.

२५ मार्च २०२० रोजी केंद्र सरकारने डॉक्टरांनी दुरून सल्ला देण्याचे नियम जाहीर केले. त्याच वर्षी एप्रिलमध्ये ई-संजीवनीचा मोफत सल्ला देशात घरबसल्या मिळू लागला. पेडणे-डिचोलीच्या आडवाड्यांतील माणसाचे बसभाडे आणि दिवसाची मजुरी फोनमुळे वाचते, ही लहान गोष्ट नव्हे. मात्र दुरून दिलेला सल्ला पुरेसा आहे की नाही, हे डॉक्टरांनीच ठरवायचे, असे तेच नियम सांगतात. त्यांनी ‘या’ म्हटले तर टाळाटाळ करू नये.

या बाबतीत आम्ही स्वतः चुकलो आहोत. रक्तदाबाची गोळी आम्ही कित्येक महिने फोनवरच चालू ठेवली. पाय सुजत होते. वयाचे असेल म्हणून आम्ही ते सांगितलेच नाही. अखेर दवाखान्यात गेलो, तेव्हा डॉक्टरांनी पावले पाहताच कारण ओळखले आणि गोळी बदलली.

म्हणून एवढे लक्षात ठेवू या:

१. फोन चालेल: आजार जुना व आटोक्यात असेल, घरी मोजलेला रक्तदाब किंवा साखर कळवायची असेल, तपासणीचा अहवाल दाखवायचा असेल, गोळी कशी घ्यावी हे विचारायचे असेल तेव्हा.

२. प्रत्यक्ष जावे: नवे दुखणे, पोटदुखी, गाठ, मधुमेह असलेल्याच्या पायाची जखम, तान्ह्या बाळाचा ताप यांसाठी. लावणीच्या दिवसांत चिखलात काम केल्यावर ताप आला तरीही जावे. उंदराच्या मुताने दूषित झालेल्या पाण्यातून लेप्टोस्पायरोसिस होतो. प्रथम तो साध्या तापासारखा वाटतो, पण पुढे मूत्रपिंड व यकृत बिघडवू शकतो. दुखऱ्या पोटऱ्या आणि लाल डोळे डॉक्टरांनी पाहावे लागतात, रक्त तपासावे लागते. ‘आपण शेतात होतो’ हे आवर्जून सांगावे.

३. थांबूच नये: छातीत कळ, धाप, तोंड वाकडे होणे, सर्पदंश. अशा वेळी सल्ला विचारत न बसता १०८ ला फोन करून इस्पितळ गाठावे.

फोन करण्यापूर्वी ताप किती, किती दिवस, चालू गोळ्या कोणत्या, कोणते औषध सोसत नाही, हे कागदावर लिहून ठेवावे. घरातील म्हाताऱ्या माणसाला स्वतः बोलू द्यावे. त्याचे दुखणे त्यालाच ठाऊक असते.

आणि फोन ठेवण्यापूर्वी एक प्रश्न न चुकता विचारावा: ‘डॉक्टर, आता तपासायला प्रत्यक्ष केव्हा येऊ?’ ते सांगतील तो दिवस भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवावा आणि पाळावा.