वाळवंटातील लॉरी आणि थांबलेल्या चाकांचा हिशेब

कापडाच्या धंद्यात सुताचा भाव, सायझिंगचा दर, विजेचे बिल आणि कारागिराची मजुरी यांचा हिशेब आम्ही व्यापारी पैशापैशाने मांडतो. वाहतुकीचा आकडा मात्र हुंडेकरी सांगेल तो वहीत टिपतो आणि पुढे जातो. ते भाडे कशाचे बनलेले असते, त्यात डिझेल किती आणि उभ्या गाडीचे दिवस किती, याचा विचार फारसा होत नाही. तो विचार आज आपण अरबस्तानच्या वाळवंटात लांब पल्ल्याच्या लॉऱ्या चालवणाऱ्यांच्या अनुभवावरून करू.

रत्नागिरी आणि रायगड जिल्ह्यांतून १९७० नंतर असंख्य माणसे आखातात गेली. त्यांत चालकही होते. त्यांपैकी काही आज सत्तरीच्या घरात आहेत. भिवंडीत आणि कोकणात त्यांच्याशी आमचे वेळोवेळी बोलणे झाले. वाळूची आणि उन्हाची आठवण सर्वांनाच होती. परंतु प्रत्येकाच्या बोलण्यात सर्वांत जास्त वेळ गेला तो नाक्यावर आणि गोदामाच्या दारात घालवलेल्या दिवसांच्या आठवणीत. व्यापाऱ्याने शिकण्यासारखी गोष्ट तिथेच आहे.

नळाच्या बाजूने निघालेला रस्ता

सौदी अरेबियाच्या उत्तरेकडून जाणारा लॉऱ्यांचा जुना मार्ग तेलाच्या नळामुळे तयार झाला. पूर्वेकडील तेलक्षेत्रातून भूमध्य समुद्रावरील लेबनॉनच्या सैदा बंदरापर्यंत तेल नेण्यासाठी ‘टॅपलाइन’ हा नळ टाकण्यात आला. १९४७ मध्ये काम सुरू झाले आणि १९५० मध्ये पुरे झाले. कैसूमा ते सैदा हा त्याचा मुख्य भाग बाराशे किलोमीटरहून अधिक लांब होता. तेल पुढे ढकलण्यासाठी कैसूमा, रफहा, बदना आणि तुरैफ येथे पंपाची ठाणी उभारली गेली. तेथे विहिरी खोदल्या गेल्या, तेव्हा बदू लोक आपले उंट आणि मेंढ्या घेऊन पाण्याला येऊ लागले. पुढे याच ठाण्यांच्या आधाराने गावे वाढली. बदन्याजवळचे अरार हे आज उत्तर सीमा प्रांताचे मुख्य शहर आहे.

नळाची देखभाल करणाऱ्या गाड्यांसाठी बाजूने रस्ता झाला. लॉरीवाले त्याला ‘टॅपलाइन रोड’च म्हणत. दम्मामकडून जॉर्डनच्या सीमेपर्यंतचा हा प्रवास सुमारे दीड हजार किलोमीटरचा. चालक सांगतात, रस्ता इतका सरळ की डोळ्यावर झोप येई आणि समोरची गाडी अर्धा तास अगोदर दिसे.

लॉऱ्यांना बरकत कशी आली

आता एक प्रश्न पडतो. समुद्राचे भाडे नेहमीच स्वस्त, मग युरोपचा माल हजारो किलोमीटर लॉरीवर लादून आखातात का आणला गेला? त्याची कारणे एकापाठोपाठ एक जमून आली.

जून १९६७ च्या युद्धात सुएझ कालवा बंद झाला तो थेट जून १९७५ मध्ये उघडला. आठ वर्षे जहाजांना आफ्रिकेला वळसा घालावा लागला. मधल्या काळात, १९७३ च्या अखेरीस, तेलाची किंमत पिंपामागे सुमारे ३ डॉलरवरून काही महिन्यांत ११ डॉलरच्या पुढे गेली. आखाती देशांच्या हाती पैसा आला आणि रस्ते, दवाखाने, घरे, कारखाने यांची कामे एकदम निघाली. माल मागवला गेला, पण तो उतरवून घेण्याइतके धक्के बंदरांत नव्हते. १९७६ च्या सुमारास जेद्दा बंदराबाहेर जहाजे महिनोन् महिने नांगरून पडली होती. सिमेंट उतरवण्यासाठी हेलिकॉप्टर वापरण्याची पाळी आली.

अशा वेळी जमिनीचा मार्ग महाग असूनही परवडू लागला. त्याची चाचपणी अगोदरच झाली होती. दोघा इंग्रजांनी १९६४ मध्ये लंडनहून काबूलपर्यंत माल नेऊन दाखवला होता. ३० ऑक्टोबर १९७३ रोजी इस्तंबूलला बॉस्फरसवर पूल झाला आणि गाड्यांना नावेची वाट पाहण्याचे कारण उरले नाही. इस्तंबूल, अंकारा, तॉरस पर्वताची खिंड, अदाना, हलब, दमास्कस, जॉर्डन आणि मग टॅपलाइन रोड असा तो मार्ग. लंडन ते दोहा हे अंतर सहा हजार किलोमीटरहून अधिक. या लॉरीवाल्यांवर बी.बी.सी.ने १९७७ मध्ये ‘डेस्टिनेशन दोहा’ हा माहितीपटही काढला.

सौदीच्या आत आणि शेजारच्या देशांत मालाची ने-आण करणाऱ्या गाड्यांवर मात्र तुर्की, अरब, पाकिस्तानी आणि आपल्याकडील चालक मोठ्या संख्येने होते. माहितीपटांत त्यांची नावे क्वचितच येतात.

वाळूत गाडी चालवण्याचे शास्त्र

या चालकांकडे जो हुनर होता तो शाळेत शिकवला जात नव्हता. डांबरी रस्ता सोडून कच्च्या वाटेने जावे लागले की ते टायरमधील हवा कमी करत. हवा कमी झाली की टायर पसरतो, वजन जास्त जागेवर वाटले जाते आणि चाक वाळूत रुतत नाही. पण डांबरावर परत येताच हवा पुन्हा पुरती भरायची, कारण कमी हवेचा टायर वेगात वाकत राहतो, तापतो आणि फुटतो. उन्हात धावून तापलेल्या टायरमध्ये हवा जास्त दिसते, म्हणून ती सोडायची नाही. टायर थंड झाला की तीच हवा कमी पडते.

वाळूपेक्षाही धोक्याची जागा म्हणजे ‘सबखा’. समुद्राजवळच्या सखल भागात मिठाची कडक खपली जमते. वरून जमीन पक्की दिसते, खाली चिखल असतो. भरलेली लॉरी त्यावर गेली की खपली मोडून आसापर्यंत खाली बसते. मग माल उतरवल्याशिवाय आणि फळ्या घातल्याशिवाय गाडी निघत नाही.

चालक शक्यतो दुपारी गाडी उभी करत आणि पहाटे व संध्याकाळी चालवत. रात्री उंटांची भीती. उंट लांब पायांचा असल्याने धडकेत तो थेट काचेवर येतो. पाण्याचे दोन साठे ठेवायचे, एक पिण्याचा आणि एक रेडिएटरचा. एक वृद्ध चालक आम्हाला म्हणाले, “शेटजी, इंजीन तापलं तर थांबून थंड करता येतं. पिण्याचं पाणी त्याला पाजलं तर मग माणसाचं काय?” बंद पडलेल्या गाडीजवळ न थांबता पुढे जाणे हा तेथे मोठा कमीपणा मानला जाई. चालक कोणत्या मुलखाचा हे कोणी विचारत नसे.

नाक्यावरचे दिवस

वाळवंटाला तोड होती. कागदाला नव्हती. प्रत्येक सीमेवर मालाची यादी, पेट्यांची संख्या, वजन आणि शिक्के तपासले जात. युरोपातून येणाऱ्या गाड्यांसाठी ‘टी.आय.आर.’ नावाची आंतरराष्ट्रीय पद्धत होती. तिचा पहिला करार १९५९ चा आणि सुधारित करार १९७५ चा. निघताना सीमाशुल्क खात्याने गाडीला मोहोर लावायची, सोबत एक पुस्तिका द्यायची आणि वाटेतील देशांनी सहसा माल न उघडता पुस्तिकेचे एकेक पान फाडून घेऊन गाडी पुढे सोडायची. शुल्क बुडाले तर भरपाईची हमी वाहतूकदारांच्या संघटनेची. भारत या करारात २०१७ मध्ये सामील झाला.

माल सौदीत उतरणार असेल तर मात्र तो गाडीतून खाली काढून तपासला जाई. यादी आणि माल जुळला तर ठीक. जुळला नाही तर गाडी बाजूला.

खेड तालुक्यातील एका चालकाची हकीकत ऐकण्यासारखी आहे. हलब हे कापडाचे जुने शहर. १९८० नंतरच्या काळात ते तेथून कापडाचे गठ्ठे भरून दम्मामकडे निघाले. गाडीत २१२ नग होते. बिल्टीवर २१२ लिहिले होते. माल पाठवणाऱ्याच्या पेढीत तयार झालेल्या यादीत मात्र २२१ असा आकडा पडला. सीमेवर मोजणी झाली आणि नऊ नगांचा प्रश्न निर्माण झाला. पेढीकडून दुरुस्त कागद येईपर्यंत नऊ दिवस गेले. उन्हाळ्याचे दिवस, सावली फक्त गाडीखालची. दुसऱ्या गाड्यांवरील चालकांनी रोटी आणि पाणी दिले.

त्यांचा करार खेपेवर होता, महिन्यावर नव्हता. खेप पूर्ण झाली तेव्हा तीच रक्कम मिळाली जी नऊ दिवस न थांबता मिळाली असती. त्या महिन्यात एक खेप कमी झाली आणि गावी तेवढे पैसे कमी गेले. मुलांची फी उसनवारीने भरली गेली. पेढीच्या मुनीमाला आपल्या लेखणीने कोकणातील एका घराचा हिशेब बिघडवला हे कधी कळलेही नसेल. गाडीचा परवाना आणि चालकाचा व्हिसा मालकाच्या हाती असल्याने तक्रारीलाही जागा नव्हती.

उभ्या गाडीचा खर्च

आता हाच प्रश्न आपल्या बाजारात आणून आकड्यांत मांडू. आकडे केवळ समजण्यासाठी घेतले आहेत. समजा एका ट्रकचा हप्ता, विमा, कर आणि चालक-क्लीनरचा खर्च मिळून दिवसाला ४,००० रुपये होतो. गाडी चालो वा उभी राहो, हा खर्च टळत नाही. जाऊन-येऊन खेपेला ४ दिवस लागतात. महिन्यात २४ दिवस काम धरले तर ६ खेपा होतात आणि ९६,००० रुपयांचा खर्च दर खेपेला १६,००० रुपये पडतो.

हीच गाडी दर खेपेत भरण्यासाठी एक दिवस आणि उतरवण्यासाठी एक दिवस जास्त उभी राहिली, तर खेप ६ दिवसांची होते. महिन्यात खेपा ४ च होतात आणि प्रत्येक खेपेवर २४,००० रुपये चढतात. फरक ८,००० रुपयांचा. गाडीत १०० गाठी असतील तर गाठीमागे ८० रुपये. यात डिझेलचा एक थेंबही नाही. हे पैसे कोणीतरी भरतोच. वाहतूकदार ताकदवान असेल तर तो भाड्यात घालतो, नसेल तर गाडीवाला सोसतो, आणि करार खेपेवर असेल तर शेवटी चालकाच्या ताटातून जातात.

पुढे काय झाले

१९७० च्या दशकाच्या अखेरीपासून जेद्दा व दम्मामचे धक्के वाढले, दुबईचे जबल अली बंदर १९७९ मध्ये सुरू झाले आणि माल कंटेनरमधून येऊ लागला. युरोपच्या लॉऱ्यांचा धंदा ओसरला. टॅपलाइनचे तेलही १९९० मध्ये पूर्ण थांबले. रस्ता मात्र राहिला. २ ऑगस्ट १९९० रोजी इराकने कुवेत घेतल्यानंतरच्या युद्धात याच रस्त्याने लष्कराची रसद गेली, आणि त्या गाड्यांवर आशियातील कामगार चालकही होते.

जमिनीची वाट कायमची जुनी होत नाही. डिसेंबर २०२१ मध्ये रुब अल खाली वाळवंटातून सौदी आणि ओमान यांना जोडणारा थेट रस्ता खुला झाला. नोव्हेंबर २०२३ पासून तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले झाले, जहाजे पुन्हा आफ्रिकेला वळसा घालू लागली, आणि आखाताच्या बंदरांत उतरलेले कंटेनर लॉऱ्यांवरून वाळवंट ओलांडून पश्चिमेकडे जाऊ लागले. १९६७ ची गोष्ट पुन्हा घडली. ज्यांचे कागद तयार आणि वाहतूकदाराशी संबंध चांगले, त्यांचा माल अशा वेळी आधी हलतो.

आपल्यासाठी धडे

१. बिल, बिल्टी आणि ई-वे बिल यांवरील नगांची संख्या गाडी सुटण्यापूर्वी दोन माणसांनी वेगवेगळी मोजून ताडून पाहावी. २००७ च्या रस्ते वाहतूक कायद्यानुसार पाठवणाऱ्याने दिलेल्या तपशिलाच्या खरेपणाची जबाबदारी त्याचीच असते. माल गहाळ झाला किंवा खराब झाला तर दावा करण्यापूर्वी माल बुक केल्यापासून १८० दिवसांच्या आत वाहतूकदाराला लेखी नोटीस द्यावी लागते, हेही लक्षात असावे.

२. गाडी दारात आली आणि सुटली ती वेळ वहीत लिहावी. महिनाभर लिहिली की आपल्याच गोदामात किती पैसा उभा राहतो ते दिसते.

३. हॉल्टिंग किती तासांनंतर आणि किती रुपये, हे भाडे ठरवतानाच ठरवावे. त्यातील चालकाचा वाटा त्याच्या हाती पडतो की नाही, हे विचारण्यास व्यापाऱ्याने संकोच करू नये.

४. गाडी बोलावण्याआधी हमाल आणि माल तयार असावेत. गाडी आल्यावर गाठी बांधायला घेणे म्हणजे दुसऱ्याच्या खिशातून आपली सोय करणे.

५. दारात उभ्या असलेल्या चालकाला पिण्याचे पाणी, सावली आणि स्वच्छ संडास मिळावा. यास फार खर्च येत नाही.

गाडीत भरलेला माल ही चालकाकडे आपली अमानत असते, हे आपण त्याला वारंवार बजावतो. त्याचे दिवस हीदेखील आपल्याकडे असलेली अमानतच आहे. येत्या महिन्यापासून भाड्याच्या रकान्याशेजारी ‘उभे दिवस’ असा एक रकाना वहीत आखावा, आणि तो आकडा कमी करण्याचे काम आपल्या गोदामापासून सुरू करावे.