बाटलीतील पाणी : चव, क्षार आणि आपला खर्च

आपल्याकडे बाटलीतल्या कोणत्याही पाण्याला ‘बिसलेरी’ नाहीतर ‘मिनरल वॉटर’ म्हणतात. घरात कोणी आजारी पडले की ते मुद्दाम विकत आणले जाते. त्यात ताकद देणारी खनिजे असतात, असा समज आहे. तो किती खरा, ते आज समजून घेऊ.

नाव नीट वाचा

बहुतेक बाटल्यांवर ‘पॅकेज्ड ड्रिंकिंग वॉटर’ असे छापलेले असते. हे बोअरवेलचे किंवा नळाचे पाणी असू शकते. ते गाळून, बहुधा आरओने त्यातले क्षार कमी करून आणि जंतू मारून बाटलीत भरतात. पाणी सपक लागू नये म्हणून काही कंपन्या मॅग्नेशियम सल्फेट, पोटॅशियम बायकार्बोनेट असे क्षार पुन्हा थोडे घालतात.

‘नॅचरल मिनरल वॉटर’ वेगळे. ते झऱ्याचे किंवा भूगर्भातले पाणी मूळ क्षारांसह उगमाजवळच भरतात. भारतीय मानकानुसार त्यात लिटरमागे 150 ते 700 मिलिग्रॅम विरघळलेले क्षार असतात.

चव कुठून येते?

पाण्याची चव मुख्यतः क्षारांमुळे असते. कॅल्शियम आणि बायकार्बोनेट बेताचे असले की पाणी गोडसर लागते. मॅग्नेशियम व सल्फेट वाढले की कडवट लागते. सोडियम व क्लोराइडने ते मचूळ होते. खाडीकाठच्या विहिरींचा मे महिन्यातला अनुभव आठवा. लोह जास्त असेल तर भांड्याला तांबूस डाग पडतात.

क्षार जास्त म्हणजे पाणी चांगले, असेही नाही. आपल्या संगमेश्वर तालुक्यातील तुरळ-राजवाडीच्या गरम कुंडांचे पाणीही क्षारयुक्तच आहे, पण ते रोजच्या पिण्याचे पाणी नव्हे.

आता हिशोब करू

फ्रान्सच्या ‘एव्हियाँ’ या महागड्या मिनरल वॉटरमध्ये लिटरमागे सुमारे 80 मिलिग्रॅम कॅल्शियम असते. दोन लिटर प्यायल्यास 160 मिलिग्रॅम मिळेल. प्रौढ माणसाला दिवसाला सुमारे 1000 मिलिग्रॅम लागते. 100 ग्रॅम नाचणीत साधारण 350 मिलिग्रॅम कॅल्शियम असते. म्हणजे 50 ग्रॅम पिठाच्या एका भाकरीत 175. दोन लिटर विलायती पाण्याएवढे कॅल्शियम आपल्या एका भाकरीत आहे.

आजारपणात काय द्यावे?

जुलाब झालेल्या माणसाला नुसते बाटलीचे पाणी पाजत राहू नका. जुलाबातून पाण्याबरोबर मीठही जाते. एक लिटर ओआरएसमध्ये 2.6 ग्रॅम मीठ असते, शिवाय पोटॅशियम आणि ग्लुकोज. बाटलीच्या पाण्यातले काही मिलिग्रॅम क्षार त्याची जागा घेऊ शकत नाहीत. ओआरएसचे पाकीट आरोग्य उपकेंद्रात किंवा आशाताईंकडे मिळते. सहा महिन्यांच्या आतील निरोगी बाळाला फक्त आईचे दूध द्या. बाटलीचे किंवा घरचे, कोणतेच पाणी नको.

चवीवर विश्वास ठेवू नका

जंतूंना चव नसते. जयंतीला, लग्नकार्याला आपण 20 लिटरचे थंडगार जार मागवतो. गारव्यामुळे पाण्याची चव नीट कळत नाही, आणि पुष्कळ जारना सीलही नसते. जार घेताना सील आणि एफएसएसएआयचा 14 अंकी परवाना क्रमांक पाहा. दोन्ही नसेल तर ते पाणी कुठून भरले, हे विचारायचा आपल्याला हक्क आहे.

घरी काय करावे?

- पाणी गाळून घ्या आणि खळखळून उकळी आल्यावर किमान एक मिनिट उकळू द्या.
- उकळल्याने पाण्यातली हवा निघून जाते, म्हणून ते सपक लागते. निवल्यावर स्वच्छ भांड्यांतून दोन-तीनदा वरखाली ओता, चव सुधारते.
- उकळणे जमत नसेल तर मेडिक्लोर वापरा. प्रमाण बाटलीवर लिहिलेले असते.
- पाणी झाकून ठेवा. माठातून काढायला लांब दांड्याचे ओगराळे वापरा.
- उकळल्याने जंतू मरतात, पण जादा क्षार जात नाहीत. पाणी मचूळ किंवा तांबूस असेल तर ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाला नमुना तपासायला पाठवायला सांगा.

सीलबंद बाटली प्रवासात उपयोगी पडते. रोज मात्र ती घेण्याऐवजी तेच पैसे नाचणी, डाळ, सुकट आणि पालेभाजीवर खर्च करा. पाण्याच्या स्रोतांची पाहणी करून ग्रामपंचायतींना लाल, पिवळे किंवा हिरवे कार्ड दिले जाते. आपल्या गावाला कोणते मिळाले, हे येत्या ग्रामसभेत बायकांनी उभे राहून विचारावे. लाल असेल तर कारण आणि दुरुस्तीची तारीख, दोन्ही इतिवृत्तात लिहून घ्यावे.