'मानणे' आणि 'पटणे'

"सर, तुम्ही डार्विनला मानता का?" वर्गात एका विद्यार्थ्याने विचारले. मी चटकन "हो" म्हणालो. पण घरी जाताना ते उत्तर मलाच खटकले. देव मानावा, गुरू मानावा. सिद्धांत मात्र पुराव्याने पटावा लागतो.

घोटाळा आपल्या शब्दांतच आहे. अद्वैतवाद, समाजवाद यांच्या पंक्तीला आपण 'उत्क्रांतिवाद' बसवला आणि तो पटलेल्यास 'डार्विनवादी' ठरवले. गुरुत्वाकर्षण पटलेल्यास 'न्यूटनवादी' कोण म्हणतो?

पंथात गुरुवचन प्रमाण असते. येथे तसे नाही. आनुवंशिकतेविषयी डार्विनने १८६८ मध्ये मांडलेली 'पॅनजेनेसिस'ची कल्पना जीवशास्त्राने टाकून दिली आणि मेंडेलचे नियम स्वीकारले. उत्क्रांती मात्र कसोटीला उतरली. मासे आणि चतुष्पाद प्राणी यांना जोडणारा दुवा सुमारे साडेसदतीस कोटी वर्षांपूर्वीच्या खडकांत मिळावा, असे अनुमान बांधून संशोधकांनी शोध घेतला. २००४ मध्ये कॅनडाच्या एल्समीर बेटावर 'टिक्टालिक'चे जीवाश्म सापडले.

दुसऱ्या दिवशी मी माझे उत्तर दुरुस्त केले : "मी डार्विनला 'मानत' नाही. मला उत्क्रांती पटली आहे. सबळ विरोधी पुरावा आणा, मी मत बदलीन."