खेळणं घेण्याआधी लेकराकडे बघा
(या अंकाचा अभ्यास : विशेष गरजा असलेल्या मुलांची खेळणी)



नागऱ्यातल्या एका गटाच्या बैठकीत एका ताईनं दीड हजाराचं अंतर्गत कर्ज मागितलं. कारण सांगताना ती अडखळली. मग म्हणाली, "पोरासाठी खेळणं मागवायचं आहे. मोबाईलवर पाहिलं. त्यानं मूल बोलायला लागते म्हणतात." पोरगा पाच वर्षांचा, स्वमग्न. खेळणं लाइट चमकवणारं, गाणी वाजवणारं.

अध्यक्षताईंनी एवढंच विचारलं, "त्याला काय आवडते गं?" ताई म्हणाली, "मिक्सर लावला की कान झाकून पळते. अन् धानाच्या ढिगात हात घालून तासभर बसते."

उत्तर तिच्याच तोंडून आलं. आवाजाला घाबरणाऱ्या लेकराला आपण आवाजाचंच खेळणं आणणार होतो.

संवेदना म्हणजे काय?
डोळे, कान, नाक, जीभ आणि त्वचा आपण शाळेत शिकलो. आणखी दोन आहेत : शरीराचा तोल, आणि स्नायू-सांध्यांना कळणारा जोर. काही मुलांना यातली एखादी गोष्ट फार जास्त जाणवते, काहींना फार कमी. जास्त जाणवणारं मूल ती टाळतं, कमी जाणवणारं ती शोधत फिरतं. त्याला आपण हट्ट नाहीतर खोडी म्हणतो.

आधी आठ दिवस बघा
मूल कशापासून पळतं आणि कशाकडे जातं, हे वहीत लिहा. लिहिता येत नसेल तर मोठ्या लेकीला सांगा. मग निवडा :

• सारखं उड्या मारणारं, धडकणारं मूल : जोर लागणारं काम द्या. कणीक मळणं, छोटी पाण्याची बादली उचलणं. तान्ह्या पोळ्याचा चाकाचा लाकडी नंदी वर्षभर फळीवर का ठेवायचा? दोरी बांधून ओढू द्या.
• हाताला चिकट लागलं की रडणारं मूल : सुरुवात कोरड्या वस्तूंनी करा. जुनं लुगडं, पोत्याचा तुकडा, मखमल, लोकर एकत्र शिवून स्पर्शाची गोधडी करा. हात त्यानं स्वतः लावावा, आपण धरून लावू नये.
• आवाज शोधणारं मूल : तीन प्लास्टिकच्या बाटल्यांत लाखोळी, तांदूळ, रेती भरा. झाकण गोंदानं चिकटवून वरून पट्टी गुंडाळा.
• कमी दिसणारं मूल : काळं-पांढरं किंवा लाल-पिवळं, ठळक रंगाचं, वाजणारं खेळणं.
• ऐकू न येणारं मूल : ढोलकीवर हात ठेवून थाप जाणवू द्या.
• मूठ न वळणारं मूल : खुळखुळ्याच्या दांड्याला कापड गुंडाळून तो जाड करा.

पुण्याच्या आयुका संस्थेत अरविंद गुप्ता यांनी वर्षानुवर्षे टाकाऊ वस्तूंतून खेळणी करून दाखवली. 2018 साली त्यांना पद्मश्री मिळाली. फुकटाचं खेळणं हलकं नसतं.

धोका ओळखा
सगळं तोंडात घालणाऱ्या मुलाला सव्वा इंचापेक्षा लहान वस्तू देऊ नका. धान, लाखोळीचे मोकळे दाणे नाकाकानात जातात. आपण शेजारी बसलो तरच द्यायचे. बटणासारखा गोल सेल गिळला तर जिवावर बेततं, लगेच दवाखाना गाठा. मिरगी असेल तर लुकलुकणारे लाइट डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. मान न धरणाऱ्या बाळाला झोक्यात बसवू नका. विकत घेताना आयएसआय खूण बघा. 1 जानेवारी 2021 पासून ती खेळण्यांवर सक्तीची आहे.

कसं खेळायचं?
एका वेळी एकच खेळणं, रोज ठरल्या वेळी, दहा मिनिटं. मुलानं तोंड फिरवलं, कान झाकले, अंग ताठ केलं, तर ते "नको" म्हणत आहे. थांबायचं. भावंडांनाही सोबत बसवा.

खेळण्यानं काय होत नाही?
खेळण्यानं स्वमग्नता किंवा मतिमंदत्व बरं होत नाही. तसं सांगून कोणी विकत असेल तर पैसे सांभाळा. खेळण्यानं मूल शांत बसतं, हात चालवतं, आपल्याशी जोडलं जातं. उपचार आणि शिकवणं वेगळं. त्यासाठी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा येतं. जन्मापासून 18 वर्षांपर्यंतची मुलं तपासतं. त्या दिवशी लेकराला घरी ठेवू नका. तुमची वही पथकाला दाखवा आणि जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राची चिठ्ठी मागा. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात 21 प्रकारची दिव्यांगता धरली आहे, स्वमग्नताही त्यात आहे. लपवण्यासारखं काही नाही.

त्या ताईनं कर्ज घेतलं, पण कमी, तपासणीला जाण्या-येण्यापुरतं. घरी एका घमेल्यात धान आहे, संध्याकाळी मायलेक त्यात हात घालून बसतात. पोरगा अजून बोलत नाही. पण घमेलं दिसलं नाही की तिचा पदर ओढतो.

पुढच्या बैठकीत बोला
1. आपल्या गटात असं लेकरू कोणाच्या घरी आहे? ती ताई बैठकीला येते का?
2. प्रत्येकीनं घरातली एक टाकाऊ वस्तू आणा. तिचं खेळणं कोणत्या मुलासाठी होईल, कोणासाठी नाही?
3. तपासणीच्या दिवशी त्या ताईसोबत कोण जाणार? नाव ठरावात लिहा.