भाज्याच्या धबधब्याला निघालेल्या भाच्यास

पोरांना घेऊन भाज्याला जायचं ठरवलंस, छान केलंस. चहाला आधी कुसगावला आमच्याकडे ये, मग पुढे जा आणि जेवायला परत ये. तोवर आत्याचं थोडं ऐकून ठेव. यातली निम्मी अक्कल तुझ्या बापाच्या आणि माझ्या चुकांतून आलेली आहे, हे त्याला सांगू नकोस.

१. जमलं तर मधल्या वारी रजा काढ — रविवारचा धबधबा गाड्यांचा, मंगळवारचा पाण्याचा. रविवारच हवा असेल तर आठच्या आत माझ्या दारात हजर. कार्ला फाट्यावरून मळवलीकडे वळलास की रस्ता अरुंद, उशीर झाला तर तिथे गाडी पुढे जात नाही, नुसता हॉर्न जातो.

२. आदल्या रात्री बंदी आहे का ते पाहून घे — पावसाळ्यात जिल्हाधिकाऱ्यांचे हुकूम निघतात, आणि नाक्यावरच्या पोलिसाशी वाद घालून आजवर कुणाला धबधबा दिसलेला नाही. तोही बिचारा सकाळपासून भिजत उभा असतो.

३. कामशेत ओलांडल्यावर धुकं लागलं तर दिवा खालचाच ठेव — वरचा लावलास तर उजेड धुक्यावर आपटून आपल्याच डोळ्यांत येतो. आणि चालत्या गाडीचे चारही इंडिकेटर लुकलुकत ठेवू नकोस. मागच्याला तू वळतोयस की थांबतोयस, काही कळत नाही.

४. पोरांना भगवे, पिवळे, लाल कपडे घाल — हिरव्या-करड्या गर्दीत करडं पोर दिसत नाही. भाचेसुनेला सांग, फोटोत शोभेल न शोभेल, मोजताना बरं पडतं.

५. गाडीची दुसरी चावी भाचेसुनेच्या पिशवीत असू दे, तुझ्या खिशात नको. तुझे आतोबा एकदा चावी खिशात घेऊन पाण्यात बसले, उठले तेव्हा खिसा होता, चावी नव्हती — ओल्या लुगड्यावर मी तीन तास बांधावर बसले होते आणि ते पायी कुसगावला दुसरी आणायला गेले होते. वर परत आल्यावर विचारतात, भजी घेतली का?

६. आता हे नीट वाच. पाण्यात पाय टाकण्याआधी काठावर, पाणी जिथे संपतं तिथे, एक दगड ठेव आणि अधूनमधून त्याच्याकडे बघ — तुझ्या डोक्यावर ऊन असलं तरी वर डोंगरावर पाऊस कोसळत असतो, ते तुला दिसत नाही, दगडाला आधी कळतं. दगड बुडाला, नितळ पाणी मातकट झालं, काटक्या-पाला वाहत यायला लागला किंवा आवाज जड झाला, तर चपला शोधत बसू नकोस. डोंगराचा निरोप पाला आणतो, पाणी मागून येतं.

३० जून २०२४ चा तो रविवार आम्ही विसरलेलो नाही. लोणावळ्याच्या भुशी धरणाच्या, म्हणजे रेल्वेने वाफेच्या इंजिनांना पाणी मिळावं म्हणून बांधलेल्या त्या जुन्या धरणाच्या, मागच्या बाजूच्या ओढ्यात एकाच कुटुंबातली पाच माणसं वाहून गेली, त्यांत चार लेकरं. एकमेकांना घट्ट धरून ती प्रवाहाच्या मधोमध उभी होती आणि पाणी वाढतच गेलं. शोधायला शिवदुर्ग मित्र या बचाव पथकाची पोरं उतरली होती, नौदलाचे पाणबुडेही. म्हणून मधल्या खडकावर बसायचंच नाही, कितीही रिकामा दिसला तरी. बसायचं ते ज्या काठाने परत यायचं त्याच काठाला.

७. शेवाळाला पाव्हणा-सोयरा कळत नाही — झिजलेली स्लीपर घरी ठेव, मागे पट्टा असलेल्या चपला घाल.

८. पुलावर फोटोला थांबायचं नाही, इतर शंभर जण थांबले असले तर अजिबातच नाही. जून २०२५ मध्ये कुंडमळ्याला इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल गर्दीसकट खाली गेला, चार जण दगावले — पूल ओलांडायला असतो, उभं राहायला नाही.

९. गाडी खाचराच्या बांधावर चढवू नकोस. बांध चाकाने फुटला की साचलेलं पाणी निघून जातं आणि एखाद्याची कालची आवणी उघडी पडते — तू दुपारी जेवशील तो इंद्रायणी तांदूळ अशाच खाचरातून येतो. हे वाण आपल्याच वडगाव मावळच्या भात केंद्रावर तयार झालं, १९८७ साली. बाहेरगावच्यांना ते नदीच्या नावावरून देवाच्या आळंदीचं वाटतं. आणि चाक रुतलं तर बाहेर काढायला शेवटी त्याच शेतकऱ्याला हाक मारावी लागते, हे वेगळंच.

१०. पाऊस फारच वाढला तर गाडीत कोंडून घेऊ नकोस, पोरांना वर भाज्याच्या लेण्यांत ने. चैत्यगृहाच्या छताला दोन हजार वर्षांहून जुन्या लाकडी कमानी अजून आहेत — धाकट्याला सांग, पणजोबांच्या पणजोबांचंही घर इतकं टिकलं नाही. पायऱ्या ओल्या असतात, उतरताना घाई नको.

११. काचेवर वाफ धरली तर फडक्याने पुसत बसू नकोस, एसी लाव — हात चाकावर राहतो. सीटवर जुनी चादर आणि प्रत्येकाचा एक कोरडा जोड वेगळ्या पिशवीत. ओलं पोर रस्ताभर रडतं आणि रडकं पोर चालवणाऱ्याला घाई करायला लावतं.

१२. निघताना फोन कर, मळवलीच्या आसपास रेंज लागली की. त्यानंतरच मी तांदूळ चढवते. इंद्रायणी ताटात लगेच पडली पाहिजे, थांबली की तिचा गोळा होतो. आणि येताना चिक्की आणू नकोस, मागच्या दिवाळीची अजून डब्यात आहे.