जपानी पानात काय वाढतात?

मुलांनो, आईबाबांबरोबर जपानला जाणार असाल, तर हा धडा वाचून जा.

जपानी लोक जेवणाआधी ‘इतादाकिमास’ म्हणतात, म्हणजे ‘मी हे नम्रपणे स्वीकारतो’. भातात काड्या उभ्या खोचू नका. तसा भात तिथे मृतांसाठी ठेवतात.

शाकाहारी घरांनी लक्षात ठेवावे: मिसो सूपमध्ये मासा दिसत नाही, पण सूप ज्या पाण्यात करतात ती ‘दाशी’ बहुधा सुकवलेल्या माशाची असते. म्हणून ‘दाशी कशाची?’ असे आधी विचारा. कोयासान डोंगरावरच्या बौद्ध मठांत मात्र शाकाहारी जेवण मिळते. तिथली दाशी कोम्बू या समुद्री शेवाळाची आणि सुक्या अळंब्यांची.

गृहपाठ: आपल्याकडे जेवणापूर्वी काय म्हणतात? आजीला विचारून पाच ओळी लिहा.